सागराची पहिली ओळख

समुद्र किनाऱ्यावर उभे राहून पाहणे वेगळे आणि त्याच्या पाठीवर राहून काम करणे वेगळे. भूदलातील शिपायाच्या शिक्षणाला शाळेच्या पटांगणावरही आरंभ करता येतो. कारण पायाखालची जमीन त्याला जन्मापासून ओळखीची असते. नाविकाच्या पायाखालची फळी मात्र क्षणभरही स्वस्थ नसते. वारा, लाट आणि भरती-ओहोटी यांना विचारल्यावाचून त्याला एकही काम करता येत नाही. कोकणातील कोळ्याचा मुलगा ही विद्या बापाच्या होडीत बसून, शिकतो आहोत हे न कळताच शिकतो. परंतु ज्याच्या घराण्यात कोणी वल्हे हाती धरले नाही, अशा सातारा-सोलापूरकडील मुलाने नौदलात जाण्याची आकांक्षा धरली, तर त्याने समुद्राची ओळख कोठे करून घ्यावी?

हा प्रश्न पूर्वी इतर देशांतील लोकांनाही पडला होता. क्रिमियाचे युद्ध १८५६ साली संपल्यावर इंग्लंडच्या किनाऱ्यावरील गावांतून, युद्धावरून परतलेल्या नाविकांनी मुलांची पथके उभारली व त्यांना होडी चालविणे, दोर बांधणे असे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. पुढे त्यांतूनच तेथील सागरी छात्रसंघटना वाढली. आपल्याकडे या विद्येचे पहिले मोठे विद्यालय पाण्यावरच होते. सैन्याची ने-आण करणारे ‘डफरिन’ नावाचे एक जुने जहाज मुंबई बंदरात नांगरून ठेवण्यात आले आणि १९२७ साली त्यावर भारतीय मुलांच्या शिक्षणास सुरुवात झाली. जहाज हीच शाळा, जहाज हेच वसतिगृह! तेथील शिक्षण मुख्यतः व्यापारी जहाजांवरील अधिकारी तयार करण्यासाठी होते. तथापि, तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील रामदास कटारी हे पुढे १९५८ साली स्वतंत्र भारताच्या नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. कोवळ्या वयातील सागरी शिक्षणाचे फळ कोठवर जाऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

परंतु एका जहाजावर किती मुले मावणार? देशभरच्या शाळा-महाविद्यालयांतून हे शिक्षण पोहोचवावयाचे, तर त्यासाठी वेगळी व्यवस्था हवी होती. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा आराखडा तयार केला आणि १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजेच आज सर्वत्र एन.सी.सी. या नावाने ओळखली जाणारी संघटना, अस्तित्वात आली. आरंभी तिचे स्वरूप भूदलाच्या वळणाचे होते. १९५० मध्ये तिला हवाई विभाग आणि १९५२ मध्ये नौविभाग जोडण्यात आला. छात्रसेनेच्या ध्वजावर तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन रंग दिसतात, ते या तीन दलांचेच. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे शिक्षण सक्तीचे करण्यात आले होते. १९६८ मध्ये ते पुन्हा ऐच्छिक झाले. ते योग्यच झाले म्हणावयाचे, कारण मनाविरुद्ध होडीत बसविलेला मुलगा वल्हे मारण्यापेक्षा घड्याळाकडेच अधिक पाहतो.

नौविभागाची पथके केवळ किनाऱ्यावरच आहेत असे नाही. रत्नागिरीच्या छात्रांना खाडी व समुद्र हाताशी आहेत. परंतु समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या भोपाळचे छात्र तेथील मोठ्या तलावात होडी चालविण्याचा सराव करतात. शाळेतील छात्रांचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा व महाविद्यालयीन छात्रांचा तीन वर्षांचा असतो. मुलींनाही यात प्रवेश आहे. सीमेवरील व किनाऱ्यावरील १७३ जिल्ह्यांत एक लाख नवे छात्र घेण्याची योजना २०२० साली जाहीर झाली, तेव्हा त्यांत एक तृतीयांश मुली असाव्यात असे ठरविण्यात आले. शिकविण्याचे काम नौदलाचे अनुभवी नाविक करतात आणि त्यांच्या जोडीला शाळेतीलच एखादे शिक्षक आवश्यक ते शिक्षण घेऊन छात्रसेनेचे अधिकारी झालेले असतात. सकाळी गणित शिकविणारे गुरुजी सायंकाळी शुभ्र गणवेशात कवाईत घेताना दिसले, की मुलांना प्रथम मोठी गंमत वाटते.

कवाईत, बंदुकीचा सराव, प्रथमोपचार हे विषय तिन्ही विभागांना सारखेच आहेत. नौछात्राचे खरे वेगळेपण होडीत पाऊल टाकल्यावर दिसू लागते. ज्या होडीवर नाविकांच्या कित्येक पिढ्या घडल्या, तिला व्हेलर असे म्हणतात. व्हेल माशांची शिकार करणाऱ्या नाविकांच्या होडीवरून तिची घडण घेतलेली आहे. ती २७ फूट लांब असून पुढे व मागे दोन्ही टोकांना निमुळती असते. कारण घायाळ झालेला व्हेल उसळला, तर होडी वळविण्यास अवकाश नसे, आली तशीच ती मागे न्यावी लागे. तिला पाच वल्ही असतात. पाच ही विषम संख्या पाहून नवख्या मुलाला नवल वाटते. एका बाजूस तीन व दुसऱ्या बाजूस दोन वल्ही असताना होडी सरळ कशी जाते? ती आपोआप सरळ जात नाही, तिला सरळ न्यावे लागते. प्रत्येकाने आपला जोर इतरांच्या जोराशी जुळवून घ्यावयाचा आणि उरलेली चूक सुकाणू धरणाऱ्याने सावरावयाची. कोळ्यांच्या होडीवर जो अधिकार तांडेलाचा, तोच येथे सुकाणू धरणाऱ्या छात्राचा.

वल्हेकऱ्याची बैठकही मोठी विचार करण्याजोगी आहे. तो होडीच्या पुढच्या टोकाकडे पाठ करून बसतो. म्हणजे होडी जिकडे चालली आहे, ती दिशा त्याला दिसतच नाही. त्याला दिसते ती पुढे बसलेल्या सोबत्याची पाठ आणि त्यापलीकडे सुकाणू धरणाऱ्याचा चेहरा. सुकाणूजवळ बसलेला वल्हेकरी ताल धरतो व मागचे सारे त्या तालावर वल्ही पाण्यात घालतात. आज्ञा होताच पाचही पाती एकदम बुडाली पाहिजेत आणि एकदम वर आली पाहिजेत. पहिल्या दिवशी असे कधीच होत नाही. कोणाचे वल्हे सोबत्याच्या वल्ह्यावर आपटते, कोणाचे पाण्यात खोल जाऊन अडकते आणि त्याची मूठ उलटून छातीवर बसते. इंग्रज खलाशी या फजितीला ‘खेकडा पकडला’ असे म्हणतात. तास-दोन तासांत हाताला फोड येतात. मात्र काही आठवड्यांनी एखाद्या सकाळी पाच वल्ह्यांचा एकच आवाज ऐकू येतो आणि तीच जड होडी हलकी झाल्यासारखी पुढे सरकू लागते. त्या दिवशी कोणाच्याही अंगात आदल्या दिवसापेक्षा अधिक बळ आलेले नसते.

होडीबाहेरचे शिक्षण याहून शांत, पण तितकेच काटेकोर असते. दोराला गाठ मारणे ही गोष्ट घरोघर चालते. नाविकाच्या दृष्टीने मात्र गाठ ही तीन कसोट्यांना उतरावी लागते. ती लवकर मारता यावी, भार पडल्यावर सुटू नये आणि काम झाल्यावर भिजलेल्या दोरातूनही सोडविता यावी. बोलाइन नावाच्या गाठीने दोराच्या टोकाशी असा फास तयार होतो, की तो कितीही ओढला तरी आवळत नाही. म्हणून पाण्यात पडलेल्या माणसाच्या काखेखालून तोच फास घालून त्याला वर घेता येते. शीड आखडून बांधण्याची रीफ गाठ दिसण्यात अगदी साधी आहे. दोराची टोके पहिल्या वेळी उजवे डाव्यावर अशी घेतली, तर दुसऱ्या वेळी डावे उजव्यावर घ्यावयाची, एवढाच तिचा नियम. दोन्ही वेळा एकच बाजू वर घेतली, तर जवळजवळ तशीच दिसणारी गाठ तयार होते. पण ती ताण पडताच घसरते. जमिनीवर अशा चुकीने गाठोडे सुटेल. वादळात तिची किंमत मोठी पडते. छात्रांना या गाठी डोळे मिटून मारावयास लावतात, याचे कारण रात्रीच्या अंधारात जहाजावर तसाच प्रसंग येतो.

यानंतर निशाणांची भाषा येते. दोन हातांत दोन झेंडे धरून, हातांच्या निरनिराळ्या स्थितींनी एकेक अक्षर दाखवावयाचे, या पद्धतीस सेमाफोर म्हणतात. आज बिनतारी यंत्रे असताना या जुन्या खटाटोपाची गरज काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु यंत्राने पाठविलेला संदेश शत्रूच्या यंत्रालाही ऐकू जातो. झेंड्यांचा संदेश ज्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आपण आहोत, त्यालाच कळतो आणि त्याला विजेची गरज लागत नाही. याखेरीज जहाजांच्या प्रतिकृती तयार करणे हाही नौछात्रांचा आवडता विषय आहे. लाकडाची लहानशी युद्धनौका तासून काढताना जहाजाचा तळ, डोलकाठी, तोफांची जागा ही सारी मुलांच्या बोटांना पाठ होतात.

वल्ही हाताळता आली म्हणजे शिडाची पाळी येते आणि तयार झालेल्या महाविद्यालयीन छात्रांना शिडाच्या होड्यांतून लांबच्या मोहिमेवर जाण्याची संधी मिळते. कोकणातील छात्र किनाऱ्याकिनाऱ्याने एका बंदराहून दुसऱ्या बंदराकडे जातात. भरती आणि ओहोटी यांमध्ये सहा तासांहून थोडे अधिक अंतर असते आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, हे भूगोलाच्या पुस्तकातील वाक्य येथे प्रथमच उपयोगी पडते. वेळ चुकली, तर खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी होडीला आत शिरू देत नाही. काही निवडक छात्रांना प्रत्यक्ष युद्धनौकेवर राहावयास मिळते. तेथे बहुतेकांना प्रथम समुद्र लागतो. डोके फिरते, अन्न नकोसे होते. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. इंग्लंडचा विख्यात सेनानी नेल्सन यालाही हा त्रास जन्मभर होत असे.

येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्याविषयी मुलांच्या व पालकांच्याही मनात घोटाळा असतो. छात्रसेनेत नाव घालणे म्हणजे नौदलात भरती होणे नव्हे. छात्रावर युद्धसेवेचे बंधन कायद्याने ठेवलेले नाही आणि नौदलानेही त्याला नोकरीचे वचन दिलेले नाही. नौदलाचे दरवाजे निराळे आहेत. बारावीत पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व गणित हे विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला परीक्षा देऊन खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाता येते. २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला आणि त्यांची पहिली तुकडी २०२५ मध्ये बाहेर पडली. केरळात एळिमला येथे २००९ साली नौदलाच्या अधिकाऱ्यांची मोठी प्रबोधिनी उभी राहिली. खलाशी म्हणून निवड झालेल्यांचे शिक्षण ओडिशातील चिल्का सरोवराच्या काठी होते. छात्रसेनेचे ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळविलेल्या पदवीधर नौछात्राला मात्र एक विशेष सवलत आहे. त्याला लेखी परीक्षेवाचून थेट निवड मंडळापुढे जाता येते. तेथे पाच दिवस त्याची परीक्षा चालते व त्या पाच दिवसांत कोणतेही प्रमाणपत्र त्याच्या मदतीला येत नाही.

निवडीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती पुष्कळांना फार उशिरा कळते. रात्री जहाजाच्या डाव्या बाजूस तांबडा व उजव्या बाजूस हिरवा दिवा लावलेला असतो. समोरून येणाऱ्या जहाजाचा कोणता दिवा दिसतो, यावरून ते कोणत्या दिशेने चालले आहे हे ओळखावयाचे असते; दोन्ही दिसले, तर ते थेट आपल्यावरच येत आहे असे समजावे. ज्याला तांबडा आणि हिरवा हे रंग नीट ओळखता येत नाहीत, त्याच्या हाती जहाज सोपविता येत नाही. हा दोष जन्मजात असतो, तो अभ्यासाने जात नाही. आणि ज्याला तो असतो, त्याला शाळेच्या फळ्यापुढे बसून त्याचा पत्ताही लागत नाही. नौदलाचा ध्यास घेतलेल्या मुलाने डोळ्यांची ही तपासणी तेराव्या-चौदाव्या वर्षीच करून घेतलेली बरी. त्या वयात नवा मार्ग निवडण्यास अवधी असतो. एकविसाव्या वर्षी सर्व परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर आलेला नकार पचविणे फार जड जाते.

छात्रसेनेत दोन-तीन वर्षे काढल्यावर काही मुले आपण होऊनच दुसऱ्या वाटेने जातात. कोणाला समुद्र मानवत नाही, कोणाला घरापासून दूर राहणे नको वाटते. काही जण व्यापारी जहाजांवर जातात, काही बंदरात काम करतात. ज्यांना नौदलातच जावयाचे असते, त्यांचीही वाट नेहमी सरळ असते असे नाही. ‘डफरिन’वरून बाहेर पडलेले कटारी काही लगेच नौदलात गेले नव्हते. कलकत्त्याला हुगळी नदीच्या पात्राची मोजणी करण्याच्या कामात त्यांनी अनेक वर्षे घालविली आणि १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा नौदलाच्या राखीव दलातून ते युद्धनौकेवर चढले.