नकला जळाल्या, नजर उरली

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला दोनदा आगीत सापडल्या. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत बसले. त्यांच्याही कितीतरी नकला १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या.

मग त्या पोरांच्या हाती काय राहिलं? नजर. अंधाऱ्या लेण्यात, पोपडे उडालेल्या भिंतीवर एखादी रेघ कुठून निघाली नि कुठे वळली, हे हुडकावं लागे. पुसलेला भाग मनातच जोडावा लागे. त्यांच्यातलेच पेस्तनजी बोमनजी पुढे नावाजले, ते बोधिसत्त्वांमुळे नव्हे, तर पारशी घरांतली माणसं रंगवून. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नकला करायला नंदलाल बोस आले. शांतिनिकेतनच्या कलाभवनात त्यांनी पुढे पिढ्या घडवल्या. हैदराबादहून आलेले सय्यद अहमद तर नंतर याच लेण्यांचे क्युरेटर झाले.

लेण्यांपासून शंभरेक किलोमीटरवरच्या आमच्या छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत), किलेअर्कमध्ये, १९७१ पासून शासकीय कला महाविद्यालय आहे. पण चित्रकलेची खरी रुजवण शाळेतच होते, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षांच्या तयारीत. वस्तुचित्रात मूल समोरचा तांब्या जसा दिसतो तसा बघायला शिकतं. संकल्पचित्रात एकाच आकाराच्या दहा मांडण्या करून नऊ खोडतं. स्मरणचित्रात तर समोर काहीच नसतं. पाहिलेलं आठवायचं आणि न पाहिलेलं जुळवायचं. पेस्तनजींच्या पिढीने भिंतीसमोर केलं ते हेच.

दहावीला वाढीव गुण मिळू लागले, तशी या परीक्षांना गर्दी वाढली आणि स्मरणचित्रही पाठ होऊ लागलं. तोच बाजार, तीच छत्री, तोच फुगेवाला. ही नक्कलच, पण बघण्याचे कष्ट वगळून केलेली.

यावर उपाय महागडा नाही. मुलांना तासभर शहागंजच्या बाजारात उभं करावं, वही मिटलेलीच ठेवून. वर्गात परतल्यावर चित्रकलेच्या सरांनी एवढंच विचारावं : भाजीवाल्या मावशींनी तराजू कोणत्या हातात धरला होता? ज्याला आठवणार नाही, तो उद्या जाताना नक्की बघेल.