टोकदार डोंगर आणि सपाट सामानगड

‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की गडहिंग्लजचं पोरगंही दोन टोकदार डोंगर काढतं. मधून सूर्य, खाली नदी, काठाला नारळ. प्रत्यक्षात आपला सामानगड सपाट माथ्याचा, जांभ्याचा. हिरण्यकेशीच्या काठाला ऊस. पण फळ्यावर डोंगर होते, म्हणून वहीतही डोंगर. हुबेहूब उतरवलं की चित्रकला आली, हा सगळ्यात चिवट गैरसमज. त्यानं हात वळतो, नजर नाही.

दुसरा गैरसमज पालकांचा: लहान मुलाच्या चित्रातलं भलंमोठं डोकं आणि त्यातूनच फुटलेले पाय म्हणजे चूक. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 च्या पुस्तकात बालचित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. चार ते सात वर्षांचं मूल दिसतं तसं नव्हे, महत्त्वाचं वाटतं तसं काढतं; म्हणून आजी घरापेक्षा मोठी. सातच्या पुढे कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, सगळी माणसं तिच्यावर ओळीनं उभी राहतात. नवाच्या पुढे मूल बारकावे शोधू लागतं आणि आपलंच चित्र त्याला खटकायला लागतं. ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य बहुधा याच वयातलं. अंगात कला नाही म्हणून ते वाक्य तोंडी येत नाही. नजर पुढे गेली, हात मागे राहिला म्हणून येतं. नेमकं तेव्हाच आपण त्याला गणिताच्या शिकवणीला धाडतो.

म्हणून सगळ्या वर्गांना एकच चित्र देणं चुकीचं. पहिलीला चिखल द्या, चौथीला आठवडी बाजाराची गर्दी. सातवी-आठवीची पोरं सामानगडावर न्या, जांभ्यात कोरलेल्या विहिरींची रेखाटनं करू द्या. किंवा संकेश्वरी मिरचीचा ढीग समोर ठेवून त्यात लाल किती प्रकारचा आहे ते रंगवायला सांगा. महागडे रंग लागतातच असं नाही. कोळसा, तांबडी माती आणि डिंकावर बरंच भागतं.

राहिले गुण. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतल्या ‘अ’ श्रेणीला दहावीत 7 वाढीव गुण मिळतात, ‘ब’ला 5, ‘क’ला 3. त्यासाठी मुलांना ठराविक चित्रं पाठ करायला लावणारे विसरतात, की त्याच परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. तिथं विषय आयत्या वेळी कळतो आणि समोर नमुना नसतो.

येत्या बेंदराच्या सणाला घरात मातीच्या तयार बैलजोडीबरोबर मातीचा एक गोळाही आणा. पोराच्या बैलाचं शिंग वाकडं झालं, तर सरळ करायला जाऊ नका.