पंचवीस हजारांचे इअरफोन आणि वारीतला टाळ

आजचा विषय तुमच्याच एका मेसेजमधून आलाय. "दादा, पहिला पगार झालाय. पंचवीस हजारांचे इन-इअर ईएमआयवर घेऊ का? दोन हजारांच्या पेक्षा खरंच दहापट भारी वाजतात का?"

आधी किमतीचं बघू. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे बास, मधला आवाज आणि ट्रेबल कुठे किती उठतो, याचा किमतीशी संबंध सापडला नाही. महागात काहीच नसतं असा याचा अर्थ नाही. बांधणी, कानात बसणं, बारकावे यात फरक पडतो. पण आवाजाचा तोल पैशाने आपोआप येत नाही.

बॉक्सवरच्या ड्रायव्हरच्या आकड्यालाही भुलू नका. सेनहायझरच्या आयई ९०० ची किंमत बाजारात आला तेव्हा तेराशे डॉलर होती, आणि त्यात एका कानाला ७ मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर आहे. उलट आठ-आठ ड्रायव्हरवाले चिनी मॉडेल त्याच्या कितीतरी कमी पैशात मिळतात.

मग पारखायचं कशावर? इथे आपल्या भागातल्या पोरांकडे एक भारी गोष्ट आहे. तुकोबांची पालखी बारामतीतून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. सांगवीच्या पोराने टाळ-पखवाज स्पीकरवर नाही, समोर उभं राहून ऐकलेला असतो. खरा टाळ कसा वाजतो हे कानाला पाठ आहे. म्हणून भीमसेन जोशींचा एखादा अभंग लावा. टाळ पत्र्यासारखा टोचतोय, 'स' आणि 'श' सुईसारखे येतायत, तर साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज जास्त उचललाय. दुकानात पाच मिनिटं हे "क्लिअर" वाटतं, तासाभराने डोकं धरतं. पखवाजाची थाप आणि मागची घुमणारी आस वेगवेगळी कळते का, की नुसता 'ढुम' येतो? (रेकॉर्डिंग जुनं असेल तर मागची खरखर त्यातलीच, तिचा दोष इअरफोनला देऊ नका.) मग 'सैराट'चं 'याड लागलं' लावा. त्या सिनेमाच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता. तारवाद्यांचे थर सुटे ऐकू येतात का बघा, आणि त्यांच्या गर्दीत अजय गोगावलेंचा आवाज मागे तर जात नाही ना?

ऐकण्याआधी टिप नीट बसवा. कानाशी जराशी फट राहिली की बास गळून जातो आणि महागडा पीसही पातळ वाजतो. लहान-मोठ्या तिन्ही टिप लावून बघा. दोन्ही कानांना वेगळी साइज लागू शकते.

दुसरी गोची आवाजाच्या पातळीची. दोन पीसपैकी जो थोडा मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, आणि सारख्या व्हॉल्यूमवर प्रत्येक इअरफोन वेगळ्या जोराने वाजतो. आधी दोन्हींवर गायकाचा आवाज सारखा लागेल असं करून घ्या. मग मित्राला कुठला पीस ते न सांगता हातात द्यायला सांगा. तुम्ही डोळे मिटून कानात घालायचा. दहा वेळा करा. वायरच्या स्पर्शाने किंवा वजनाने पीस ओळखू येतो, त्यामुळे ही पक्की चाचणी नाही, पण ऐकीव कौतुक बरंच गळून पडतं.

ब्लूटूथवाले म्हणतील, आमच्यात एलडॅक आहे. त्याची कमाल ९९० किलोबिट प्रति सेकंद आहे, सीडीचा वेग १४११. फरक ऐकू यायला आधी शांत जागा हवी. एसटीत बारामतीला जाताना, किंवा गाणी लावलेला उसाचा ट्रॅक्टर शेजारून जाताना, कोडेकपेक्षा टिपने बाहेरचा आवाज किती अडवला हे जास्त मोलाचं. तो अडला की व्हॉल्यूमही कमी ठेवता येतो, कानालाही बरं.

तर मेसेजवाल्या भावा, ईएमआय नको. दोन-तीन हजारांचा वायरवाला पीस घे. फोनला जॅक नसेल तर एक डोंगल, आणि वेगवेगळ्या साइजच्या टिप. सहा महिने त्यावर ऐक. मग पुण्यात पंचवीस हजारांचा पीस ऐकायला देणारं दुकान शोध, आपला पीस सोबत ने आणि मित्रालाही. दहापैकी नऊ वेळा ओळखलास, आणि तेव्हाही हवासा वाटला, तर साठवलेल्या पैशातून घे.