घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे! 'स्लीप ॲप्निया' नेमका काय असतो, उपचार कोणते?

रात्री नांदेड, लातूरहून पुण्याकडे निघालेल्या ट्रॅव्हल्समध्ये दिवे बंद झाले की एखाद्या बर्थवरून घोरण्याचा आवाज सुरू होतो. 'काय गाढ झोपलाय' म्हणत आपण कूस बदलतो. पण तो आवाज मध्येच थांबत असेल, काही सेकंद अगदी शांतता होत असेल आणि मग तो माणूस गुदमरल्यासारखा दचकून श्वास घेत असेल, तर ती गाढ झोप नाही. तो 'स्लीप ॲप्निया' असू शकतो.

झोपेत नेमके काय होते?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची श्वासाची वाट त्यामुळे आक्रसते किंवा पूर्ण बंद होते. रक्तातला ऑक्सिजन कमी होताच मेंदू क्षणभर जागे करतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी यातले काहीच आठवत नाही.

श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला, तर तो एक 'ॲप्निया' धरतात. श्वास पूर्ण थांबणे आणि अर्धवट अडणे मिळून तासाला ५ ते १५ वेळा झाले तर आजार सौम्य, १५ ते ३० वेळा झाले तर मध्यम आणि ३० पेक्षा जास्त वेळा झाले तर तीव्र मानला जातो.

हा आजार किती पसरला आहे?

'एम्स'च्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार देशातल्या कामकाजाच्या वयातील सुमारे १० कोटी ४० लाख लोकांना हा आजार आहे. प्रमाण पुरुषांत सुमारे १३ टक्के, तर स्त्रियांत ५ टक्के आहे. वाढते वजन आणि वाढते वय ही मोठी कारणे. मात्र जबड्याची ठेवण किंवा वाढलेले टॉन्सिल यांमुळे बारीक माणसालाही हा त्रास होऊ शकतो. लहान मूल तोंड उघडे ठेवून झोपत असेल, रोज घोरत असेल, तर त्यालाही दाखवून घ्या.

दुर्लक्ष केले तर?

संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले. त्यांना 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया' आणि वारंवार छातीचा संसर्ग होत असल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. उपचार न केल्यास रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. औषधे घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल, तर झोपेकडे बघायला हवे.

दुसरा धोका रस्त्यावरचा. रात्रभर मेंदू वारंवार जागा होत असल्याने दिवसा डुलकी लागते. अशा चालकांकडून अपघात होण्याची शक्यता इतरांपेक्षा दुपटीहून अधिक असल्याचे अभ्यास सांगतात. ट्रक, ट्रॅव्हल्स, काळीपिवळी चालवणाऱ्यांनी म्हणूनच ही तपासणी टाळू नये.

मला हा त्रास आहे का?

डॉक्टर आठ गोष्टी बघतात: मोठ्याने घोरणे, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबल्याचे कुणी पाहिले आहे का, उच्च रक्तदाब, बीएमआय ३५ पेक्षा जास्त, वय ५० च्या पुढे, मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि पुरुष असणे. यातल्या तीन किंवा अधिक गोष्टी लागू असतील, तर तपासणीचा विचार करावा.

तपासणी कुठे आणि कशी?

छातीविकार किंवा कान-नाक-घसा विभागापासून सुरुवात करा. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. 'स्लीप स्टडी' तिथेच होते की बाहेर करावी लागेल, हे पहिल्याच भेटीत विचारा. या तपासणीत रात्रभर श्वास, ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके नोंदवले जातात. अनेक रुग्णांना ती घरीही करता येते.

उपचार काय?

मध्यम आणि तीव्र आजारात 'सीपॅप' हे यंत्र मुख्य उपचार आहे. मास्कमधून येणारी दाबाची हवा घशाची वाट उघडी ठेवते. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सुलिवन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत जगासमोर आणली. यंत्र महाग असते, म्हणून शक्य असल्यास आधी भाड्याने घेऊन बघा. मास्क नीट बसत नसेल तर यंत्र कपाटात टाकण्याआधी मास्क बदलून घ्या.

आपल्याकडे खरी अडचण विजेची. लाइट गेली की यंत्र बंद पडते. पण हवा दमट करणारा हीटर बंद ठेवला तर वीज कमी लागते आणि घरच्या इन्व्हर्टरवर बहुतेक यंत्रे चालू शकतात. विक्रेत्याकडून वॅट विचारून घ्या आणि धुळीचा फिल्टर वेळच्या वेळी साफ करा.

सौम्य आजारात वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, दारू सोडणे यांचा उपयोग होतो. काहींना जबडा पुढे धरणारे दातांचे उपकरण, तर काहींना शस्त्रक्रिया लागते. लठ्ठपणा असलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये 'टिर्झेपाटाइड' इंजेक्शनला मान्यता दिली. मात्र ते मनाने घेऊ नये.

आज रात्री काय कराल?

ज्याला हा आजार असतो, त्याला तो कळत नाही. कळतो तो शेजारी झोपणाऱ्याला. घरात कुणी असे घोरत असेल, तर मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा. फॅमिली ग्रुपवर टाकून हसण्यापेक्षा तो डॉक्टरांना दाखवा.