जीपचा मागील फाळका : दुरुस्ती करावी कीं नवा बसवावा?

शेतकऱ्याच्या घरीं गाडी आली म्हणजे तिचें इंजिन, तिचीं चाकें व तिचे ब्रेक यांजकडे सर्वांचें लक्ष असतें. मागील फाळका मात्र कोणाच्या खिजगणतींत नसतो. बैलगाडीचा कणा मोडला तर गाडी जागींच बसते, म्हणून त्याची काळजी घेतली जाते. फाळका सडला तरी जीप धांवतच राहते, आणि म्हणूनच त्याची हयगय होते. परंतु पोतीं, दुधाचे कॅन, औजारें व पुष्कळदां माणसेंही ज्याच्या भरंवशावर गाडींत चढतात-उतरतात, तो भाग हाच होय. जुनी जीप बाळगणाऱ्या वाचकांस उपयोगी पडाव्या, म्हणून या संबंधानें अनुभवाच्या चार गोष्टी येथें देत आहोंत.

मूळची लष्करी जीप विलीज व फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनीं मिळून १९४१ ते १९४५ या युद्धकाळांत सहा लाखांहून अधिक संख्येनें तयार केली. तिला उघडणारा फाळका नव्हताच. मागची बाजू पत्र्यानें कायमची बंद असून तिजवर जादा चाक टांगलेलें असे. १९४५ सालीं विलीजनें सीजे-२ए हा मुलकी नमुना काढिला, तेव्हां जादा चाक बाजूस नेऊन मागें साखळ्यांवर खालीं उतरणारा फाळका दिला. लढाईची गाडी शेतावर आली ती या फाळक्याच्या वाटेनें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. मुंबईस महिंद्रांच्या कंपनीनें १९४७ पासून विलीजच्या जीपा जोडण्यास आरंभ केला. आणि अमेरिकेंत १९५३ सालीं निघालेल्या, उंच बॉनेटच्या सीजे-३बी नमुन्याच्या जीपा पुढें कित्येक दशकें आपल्याकडे तयार होत होत्या.

आमचा अनुभव

तीन वर्षांपूर्वीं, कांद्याच्या हंगामांत, आमच्या जीपच्या डाव्या साखळीचा आंकडा झिजून उघडला होता. ‘उद्यां बदलूं’ म्हणतां म्हणतां आम्हीं तो बांधणीच्या तारेनें आवळून टाकिला. पोतीं उतरवितांना आमचा गडी उघड्या फाळक्यावर उभा राहिला. तार तुटली, सर्व भार उजव्या साखळीवर जाऊन फाळका पिळला, व गडी पोत्यासह खालीं आला. त्याचा पाय मोडला व अडीच महिने तो घरीं बसला. त्याची मजुरी व औषधपाणी आम्हीं दिलें. परंतु तेवढ्यानें आमचा दोष धुऊन निघाला असें आम्ही समजत नाहीं.

पुढें घाईघाईनें नवा फाळका आणिला, तर तो बसेना. मापून पाहतां गाडीची मागील चौकटच वरच्या अंगास बोटभर फांकलेली निघाली, आणि तळाखालची आडवी पन्हळ गंजून पोकळ झालेली. म्हणजे रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असा प्रकार झाला. या दोन धड्यांचें सार एकच: फाळक्याचा पत्रा सर्वांत शेवटीं पहावा, आधीं साखळी, मग बिजागरी, मग चौकट.

झीज कोठून सुरू होते

पत्र्याची खालची कड आंत दुमडलेली असते. या दुमडींत चिखल, भुसा व शेण सांचून ओल टिकते. त्यांत रासायनिक खताची भर पडली म्हणजे नाश लवकर ओढवतो. युरियासारखीं खतें हवेंतील ओल ओढून घेतात. म्युरिएट ऑफ पोटॅश हें तर एक प्रकारचें मीठच असल्यामुळें त्याची सांडलेली पूड लोखंड झपाट्यानें खाते. गव्हावरचा तांबेरा पानावर दिसतो. लोखंडाचा गंज रंगाच्या खालून येतो, आणि रंगास फोड आला तोंवर आंतला पत्रा बराच गेलेला असतो.

बिजागरीच्या पिनेस ढिलाई आली कीं प्रत्येक हिसक्यास फाळका आपटतो, भोंकें लांबट होतात व भोंवतीं पत्र्यास तडे जातात. कित्येकजण शोभेसाठीं जादा चाक फाळक्यावर टांगतात. हा फाळका त्या ओझ्यासाठीं घडविलेला नाहीं; चाक बाजूसच ठेवावें.

परीक्षा

फाळका उतरवून ठेवावा. चौकटीची रुंदी वर व खालीं मापावी व दोन्ही कर्ण ताडून पहावे. मापांत फरक आढळल्यास आधीं चौकट सरळ करून घ्यावी. तळाखालची पन्हळ दाभणानें टोंचून पहावी. युद्धकालीन जीपांत या पन्हळींत लाकडी पट्ट्या भरलेल्या असत व त्या ओल धरून ठेवीत. साखळीची कडी मूळ जाडीच्या दहाव्या हिश्शानें झिजली, किंवा आंकड्याचें तोंड फांकलें, तर दोन्ही बाजूंचें सामान एकदमच बदलावें.

यानंतर पत्रा. गंज खालच्या तिसऱ्या हिश्शापुरताच असेल, तर ठिगळ लावणें किफायतीचें. वरची वळलेली कड, बिजागऱ्यांच्या जागा व साखळ्यांच्या जागा हीं तिन्ही स्थळें सडलीं असतील, तर मात्र दुरुस्तीचा मोह सोडावा.

ठिगळाची रीत

चकचकीत लोखंड दिसेपर्यंत सडका भाग कापून काढावा. नवा तुकडा अठरा गेजच्या, म्हणजे सुमारें १.२ मिलिमीटर जाडीच्या साध्या पत्र्याचा घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेऊं नये. वेल्डिंगच्या वेळीं त्याच्या धुरानें कारागिरास ताप भरतो. सांधा सलग न ओढतां अंतराअंतरानें टांके द्यावे, एक या टोंकास तर दुसरा त्या टोंकास, व मध्यें पत्रा निवूं द्यावा. नाहीं तर तो पापडासारखा वांकतो. दुमडीस दोन-तीन लहान भोंकें ठेवावीं, म्हणजे पाणी निथळून जाईल. नंतर दोन्ही अंगांस रेड ऑक्साइडचा हात व त्यावर रंग द्यावा. गंजावर पुटीन भरून रंग देणें म्हणजे किडक्या दाण्यांनीं भरलेल्या पोत्याचें तोंड चांगल्या दाण्यांनीं झांकण्यासारखें आहे.

चौकटीवर वेल्डिंग करावयाचें असल्यास बॅटरीच्या तारा आधीं सोडाव्या. सीजे-२ए व सीजे-३बी या जीपांत पेट्रोलची टांकी चालकाच्या आसनाखालीं असते, याची कारागिरास आठवण द्यावी. कडब्याच्या गंजीजवळ हें काम कदापि करूं नये.

नवा फाळका

चौकटीचीं मापें कागदावर घेऊनच बाजारांत जावें. जाड पत्रा तितका चांगला, हा समज चुकीचा आहे. वाढलेलें वजन शेवटीं बिजागऱ्यांवरच येतें. बोल्ट सैल ठेवून फाळका लावावा, बंद करून दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या कराव्या, आणि मग बोल्ट आवळावे. रंग त्यानंतर. दोन्ही साखळ्या सारख्या लांबीच्या असाव्या; त्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढविला म्हणजे आवाज होत नाहीं व रंगही खरवडत नाहीं. जुन्या पत्र्यावर कारखान्याचीं ठशाचीं अक्षरें शाबूत असतील, तर तो भाग मोडींत न घालतां जपून ठेवावा.

निगा

खत वाहून आणिल्यावर गाडी त्याच दिवशीं धुवावी. दुमडीचीं भोंकें काडीनें मोकळीं करावीं व बिजागऱ्यांस तेल द्यावें. मृगापूर्वीं आपण औत-पाभर दुरुस्त करितों, त्याच दिवशीं जीपच्या साखळ्याही पहाव्या. चालत्या गाडींत फाळक्यावर कोणासही बसूं देऊं नये.

आमचा गडी आतां पूर्ववत् कामावर आहे. फाळका उघडण्यापूर्वीं तो दोन्ही आंकडे हातानें ओढून पाहतो. हें काम वास्तविक मालकाचें आहे. त्याचा पाय मोडेपर्यंत आम्हांस तें कळलें नाहीं. वाचकांनीं तरी तें आजच करावें.