स्वाराच्या पाठीशी हवेचं जाकीट

कोल्हापुरात न्यू कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचं नाव श्री प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊस. शहरातल्या कित्येकांच्या शाळा-कॉलेजच्या दाखल्यावर हे नाव आहे. प्रिन्स शिवाजी म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव. १२ जून १९१८ रोजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून ते गेले. वय १९. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मागे राहिलेल्या अकरा-बारा वर्षांच्या सूनबाई इंदुमतीदेवींना महाराजांनी सोनतळीला ठेवून शिकवलं, तेही घरातला विरोध पत्करून. मुलाच्या नावाने बोर्डिंग उभं राहिलं आणि पुढे चार वर्षांत, ६ मे १९२२ रोजी, महाराजही गेले.

घोडेस्वारीच्या सुरक्षेवर लिहिताना हा प्रसंग आधी सांगावासा वाटतो. घोडा ज्या घरात पिढ्यान् पिढ्या होता, तिथल्या तयार स्वारावर ही वेळ आली. मांड पक्की असली की माणूस पडत नाही, हा समज आपल्याकडे अजून घट्ट आहे. घोडा बुजतो, ठोकर खातो, अडथळ्यापाशी येऊन ऐन वेळी थांबतो. तेव्हा स्वार किती वर्षं घोड्यावर बसतोय, हे जमीन विचारत नाही.

या पडण्यासाठी गेल्या काही दशकांत एक यंत्र तयार झालं आहे: हवेचं जाकीट, म्हणजे एअर व्हेस्ट. त्याचा उगम घोड्याच्या पागेत झालेला नाही. मोटारसायकलस्वारासाठी फुगणाऱ्या कपड्याची कल्पना हंगेरीच्या तामाश श्ट्राउब यांनी १९७० च्या दशकात मांडली. जपानच्या हिट-एअरने असं जाकीट आधी दुचाकीसाठी विकलं. असंच जाकीट बनवणाऱ्या फ्रान्सच्या हेलाइटचे संस्थापक जेरार तेव्हनो हे हँग ग्लायडर आणि हलक्या विमानांच्या दुनियेतले. ब्रिटनच्या पॉइंट टूचं जाकीट २००९ च्या सुमारास क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे मोकळ्या रानातले पक्के अडथळे ओलांडत जाण्याच्या स्पर्धेच्या, मैदानात दिसू लागलं. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेतल्या केंटकीच्या स्पर्धेत ऑलिव्हर टाउनएंड हा इंग्लिश स्वार घोड्यासकट कोसळला. त्याची हाडं मोडली, पण तो वाचला आणि त्याने त्याचं श्रेय या जाकिटाला दिलं. त्यानंतर स्वारांमध्ये या जाकिटाची मागणी वाढत गेली.

जाकीट हातात घेतलं तर आत गुंतागुंत फारशी नाही. कापडाच्या आत हवा धरून ठेवणारी पिशवी असते. पुढच्या बाजूला, छाती-पोटाच्या मध्ये कुठेतरी, धातूचा एक लहान ठोकळा असतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइड दाबून भरलेलं कार्ट्रिज फिरवून बसवलेलं असतं. ठोकळ्यात ताणलेली स्प्रिंग आणि तिच्यापुढे टोकदार पिन. ही स्प्रिंग एका छोट्या गोळीने किंवा खुंटीने अडवून धरलेली असते आणि त्या खुंटीला दोरी असते. दोरीचं दुसरं टोक खोगिराला बांधलेल्या पट्ट्यात अडकवायचं. स्वार खोगिरापासून सुटला की दोरी ताणली जाते, खुंटी निघते, पिन कार्ट्रिजचं तोंड फोडते आणि वायू पिशवीत घुसतो. पाठीचा कणा, बरगड्या आणि पोट यांवरची पिशवी आणि मानेभोवतीची कॉलर सेकंदाच्या एक-दोन दशांशात टणक होते. बॅटरी नाही, सेन्सर नाही.

हिशेब इथे महत्त्वाचा आहे. खोगिराच्या उंचीवरून, म्हणजे साधारण दीड मीटरवरून, सुटलेलं शरीर जमिनीवर यायला अर्धा सेकंद पुरतो. त्यातला काही वेळ दोरी ताणली जाण्यात जातो, काही पिशवी भरण्यात. म्हणून दोरीची लांबी हीच या यंत्राची खरी नस आहे. दोरी लांब असेल तर जाकीट जमिनीवर पडल्यावर फुगेल. आखूड असेल तर उडीसाठी रिकिबीत उभं राहताच ओढ बसेल. विकत घेताना दुकानदाराला मुकाट्याने पैसे देऊ नका. जाकीट अंगात घालून आपल्या खोगिरावर बसा, रिकिबीत उभे राहा, पुढे झुका, आणि दोरी तेवढ्यापुरतीच ढिली ठेवा.

आता मर्यादा. जाहिरातीत त्या ठळकपणे सांगितल्या जात नाहीत, म्हणून इथे सविस्तर सांगतो. दोरी ताणली जायला स्वार आणि घोडा वेगळे व्हावे लागतात. घोडा अडथळ्याला धडकून कोलांटी खातो आणि स्वार खोगिरातच अडकलेला राहतो, त्या पडण्यात दोरी वेळेत ताणलीच जाईल याची खात्री नसते. आणि हेच पडणं सगळ्यात जीवघेणं, कारण वरून चार-पाचशे किलोंचा घोडा येतो. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी इव्हेंटिंगच्या, म्हणजे क्रॉस-कंट्री ज्यात असते त्या, आंतरराष्ट्रीय स्पर्धांतल्या पडण्यांच्या नोंदी तपासल्या. हवेचं जाकीट घातलेल्या स्वारांमध्ये गंभीर किंवा जीवघेण्या दुखापतीचं प्रमाण कमी नव्हतं, उलट जास्त आढळलं. यावरून जाकिटाने इजा होते असं ठरत नाही. जाकीट घालणारे स्वार कदाचित अवघड अडथळे घेत असतील. पण 'जाकीट घातलं, आता काळजी नाही' असं म्हणायला आधार नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाचा नियम याच दिशेचा आहे. क्रॉस-कंट्रीत फोमचं बॉडी प्रोटेक्टर सक्तीचं, आणि हवेचं जाकीट घालायचं तर त्याच्यावरून. कारण फोम दर क्षणी तिथे असतो. घोड्याची लाथ बसली, तबेल्यात त्याने भिंतीशी दाबलं, तर दोरी ओढलीच जात नाही आणि न फुगलेलं जाकीट म्हणजे नुसतं कापड. फोमच्या प्रोटेक्टरवर ईएन १३१५८ हे युरोपीय मानक आणि लेव्हल ३ असं लिहिलेलं शोधावं. हवेच्या जाकिटासाठी ब्रिटनच्या साट्रा या चाचणी संस्थेचं वेगळं मानक आहे. ज्या जाकिटावर कुठल्याच चाचणीचा शिक्का नाही, ते कितीही स्वस्त मिळालं तरी माझ्या मते घेऊ नये.

कोल्हापुरात राहून निवड करायची तर मी सगळ्यात आधी कार्ट्रिजचा प्रश्न विचारीन. एकदा फुगलं की कार्ट्रिज संपलं, नवं बसवल्याशिवाय जाकीट निकामी. प्रत्येक जाकिटाच्या पिशवीचं माप वेगळं, म्हणून कार्ट्रिजही त्याच कंपनीचं आणि सांगितलेल्या मापाचंच लागतं. उद्यमनगरात कुशल हात कितीही असले तरी इथे जुगाड करू नये. कमी वायू म्हणजे मऊ पिशवी, आणि तिचा उपयोग शून्य. विमानाच्या मालात हे कार्ट्रिज धोकादायक माल म्हणून मोजलं जातं, म्हणून परदेशातला पाहुणा बॅगेतून आणील या भरवशावर राहू नका. त्यालाही विमान कंपनीला आधी विचारावं लागतं. भारतात कार्ट्रिज आणि दुरुस्ती देणारा विक्रेता ज्या कंपनीचा आहे, तिचं जाकीट दुसऱ्यापेक्षा थोडं कमी देखणं असलं तरी घ्यावं. सुरुवातीलाच दोन-तीन जादा कार्ट्रिज मागवून ठेवावीत.

कार्ट्रिज भरलेलं आहे की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यावर भरलेलं वजन कोरलेलं किंवा छापलेलं असतं. अचूक काट्यावर ते ताडून बघावं. गुजरीत ओळखीचा सराफ असेल तर पाच मिनिटांचं काम. वजन कमी भरलं तर कार्ट्रिज टाकून द्यावं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत जाकीट ठेवू नये. मे महिन्यात बंद गाडीतली उष्णता अशा कार्ट्रिजला सोसणारी नसते.

घामाचाही विचार करावा. एप्रिल-मेमध्ये फोम आणि त्यावर जाकीट असा दुहेरी थर नकोसा होतो आणि माणूस दोन्ही काढून ठेवतो. जाळीच्या कापडाचं हलकं जाकीट महाग असलं तरी अंगावर राहतं, म्हणून तेच बरं. फुगण्याआधी ते अंगाला नीट बसावं, पण आवळू नये. त्यावरून घट्ट कोट घालायचा नाही, कारण फुगायला जागा नसेल तर सगळा दाब बरगड्यांवर येतो. लहान मुलांचं वजन कमी असल्याने दोरीला पुरेशी ओढ बसेलच असं नाही. त्यांच्यासाठी वेगळं माप घ्यावं आणि उत्पादकाने सांगितलेलं किमान वजन विचारूनच घ्यावं.

घोड्यालाही शिकवावं लागतं. जाकीट फुगताना ठस्सकन मोठा आवाज होतो आणि नवखा घोडा उधळतो. जुनं, मुदत संपत आलेलं कार्ट्रिज वापरून घोड्यापासून लांब, मोतद्दाराने लगाम धरलेला असताना एकदा जाकीट फुगवून दाखवावं, मग हळूहळू जवळून. उतरताना दोरी सोडायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. विसरलं तर घोड्याच्या अगदी कुशीत तो आवाज होतो, आणि तेव्हा स्वाराचा एक पाय अजून रिकिबीत असू शकतो.

खर्चाचा क्रम माझ्या मनात पक्का आहे. आधी मानांकित हेल्मेट, मग टाचेचे बूट आणि पाय अडकल्यास सुटणारी रिकीब, मग फोमचं प्रोटेक्टर, आणि हे सगळं झाल्यावर हवेचं जाकीट. डोक्याला मार बसला तर जाकीट काहीच करू शकत नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत फटाके आणि डीजेच्या भिंतीसमोर जिरेटोप घातलेलं जे पोर घोड्यावर बसवलं जातं, त्याच्या आई-वडिलांना हे कळकळीने सांगायचं आहे. हेल्मेटवर बसणारा टोप शिवून घेता येईल. पण त्याहून सोपं म्हणजे त्या गर्दीत मुलाला घोड्यावर चढवूच नये.

आणि कोल्हापूर परिसरात घोडेस्वारीचे वर्ग चालवणाऱ्यांना एक विनंती. प्रत्येक विद्यार्थ्याला जाकीट परवडणार नाही, पण वर्गाने दोन-तीन मापांची जाकिटं आणि कार्ट्रिजचा सामायिक साठा ठेवला, तर उडी शिकणाऱ्या प्रत्येकाला ते मिळेल. एकत्र मागणी गेली की विक्रेताही कार्ट्रिज वेळेवर पाठवील. दर तासाला बसण्याआधी दोरी, खुंटी आणि कार्ट्रिज तपासण्याचं काम एका माणसाकडे द्या आणि त्याची नोंद वहीत ठेवा.