नवंजुनं

मार्चअखेर जवळ आला की आमच्या शाखेत एकच शब्द दिवसभर कानावर पडे: नवंजुनं. जुनं पीककर्ज फिटलं असं दाखवायचं आणि लगेच नवं मांडायचं. व्याज मुद्दलात जिरून जाई, कर्जदार थकबाकीत जात नसे, शाखेचे आकडेही देखणे दिसत. खेड्यातल्या त्या शाखेत अधिकारी असताना असं नवंजुनं मी कितीजणांचं केलं, त्याची मोजदाद नाही.

परवा महात्मा फुल्यांचं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुन्हा वाचायला घेतलं. लेखन १८८३ सालचं. त्याच्या आठच वर्षं आधी झालेलं दख्खनचं बंड ध्यानात ठेवून वाचलं, तर त्यातला कर्जात रुतलेला शेतकरी अधिकच जवळ येतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं गाठली, वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि जाळले. हे लोण पुढे नगर जिल्ह्यातही पोचलं.

राग कागदावर होता, आणि का नसावा? १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं रोखा तीनच वर्षं चालेल असं ठरवलं होतं. हेतू चांगला, व्याज साचत जाऊ नये. सावकारानं त्यातूनही वाट काढली. दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात धरायचं, नवा रोखा लिहायचा आणि खाली कुळाची निशाणी घ्यायची. म्हणजे नवंजुनंच की! वाचता न येणाऱ्याला खरा आकडा कोण ऐकवणार? रोख्यामागचा मूळ व्यवहार न्यायाधीशानं तपासावा, ही तरतूद १८७९च्या कायद्यानं केली. तोवर कितीतरी जमिनी हातच्या गेल्या होत्या.

आमचा व्याजदर सावकारी नव्हता, हिशेब दरवर्षी तपासले जात, हे खरं. तरी हे सगळं वाचताना एक म्हातारबा सारखे आठवत राहिले. शाईचं पॅड पुढे सरकवलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “सायेब, आकडा किती मांडलाय?” टेबलापुढे ही रांग, घड्याळात पाच वाजत आलेले.

“आबा, जुनंच आहे. टेका अंगठा,” मी म्हणालो.

त्यांनी टेकवला. बोट धोतराला पुसलं, नमस्कार केला आणि पायरीवरच्या वहाणा घालून एस.टी. गाठायला निघाले.

नव्या कागदावरचा आकडा जुना नव्हता.